हवेचा हिशेब मांडणारा अभियंता : विलिस कॅरियर

इस्पितळातील शस्त्रक्रियेची खोली, विमानतळ, चित्रपटगृह, मोठे सभागृह, न्यायालय अशा ठिकाणी पाऊल टाकताच अंगाला गार हवा लागते आणि आपल्याला बरे वाटते. ही हवा कोठून येते आणि कोणाच्या कष्टाने येते याचा विचार मात्र आपण सहसा करीत नाही. आपल्या समाजातील शेकडो तरुण आज वातानुकूलन यंत्रे बसविण्याचे व दुरुस्त करण्याचे काम करतात. कोणी मुंबई-पुण्यात, तर कोणी दुबई, दोहा, कुवेतमध्ये. या धंद्यावर कितीतरी घरांच्या चुली पेटतात आणि मुलांच्या शाळेच्या फिया भरल्या जातात. म्हणून ज्या माणसाने या शास्त्राचा पाया घातला, त्या विलिस कॅरियर यांचे चरित्र आपल्या विद्यार्थ्यांना व पालकांना माहीत असणे अगत्याचे आहे.

विलिस हॅविलँड कॅरियर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, ईरी सरोवराजवळील अँगोला या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. आईबापांचे ते एकुलते एक अपत्य. घरात सर्व मोठी माणसे, सोबतीला खेळगडी नाही. त्यामुळे हा मुलगा आपल्याच विचारात रमत असे. आई एलिझाबेथ मोठी हिकमती बाई होती. घरातील घड्याळ बिघडले किंवा शिवणयंत्र अडले, तर ती स्वतःच उघडून नीट करी. आईच्या हाताखाली वस्तूंची उघडझाप पाहतच विलिस वाढले.

शाळेत एक अडचण उभी राहिली. नऊ वर्षांच्या विलिसला अपूर्णांक काही केल्या समजेनात. दुसऱ्या कोणी त्याला मंदबुद्धी ठरविले असते, नाहीतर चार छड्या मारून पाढे पाठ करून घेतले असते. आईने तसे केले नाही. तिने मुलाला तळघरातून टोपलीभर सफरचंदे आणायला सांगितली. मग एकाचे दोन भाग, एकाचे चार, एकाचे आठ असे काप करून ते तुकडे ती त्याच्याकडून मिळवून-वजा करून घेऊ लागली. पाटीवरचा जो आकडा परका वाटत होता, तो हातात धरता आला आणि त्याचा अर्थ उमगला. पुढे आयुष्यभर कोणताही अवघड प्रश्न आला, की कॅरियर त्याचे असेच लहान लहान तुकडे करीत. आपल्या सर्व शोधांचे मूळ ते त्या दिवसात पाहत असत. ते अकरा वर्षांचे असतानाच आईचे छत्र हरपले. पण तिने दिलेला धडा मागे राहिला.

पुढचा मार्ग सोपा नव्हता. १८९० नंतर अमेरिकेत मोठी मंदी आली, शेतीचे उत्पन्न घटले आणि महाविद्यालयात जाण्याचा बेत लांबणीवर पडला. या काळात विलिस यांनी शेतावर काम केले, शाळेत शिकविले आणि अभ्यास सोडला नाही. अखेर परीक्षा देऊन त्यांनी कॉर्नेल विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळविली. शिष्यवृत्ती मिळाली तरी जेवणखाण व राहणे यांचा खर्च होताच. तो भागविण्यासाठी त्यांनी लोकांच्या बागांतील गवत कापले, घरांच्या भट्ट्यांत कोळसा घातला, खानावळीत वाढप्याचे काम केले आणि विद्यार्थ्यांची सहकारी धुलाईही चालविली. अशा रीतीने १९०१ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ते अभियंते होऊन बाहेर पडले.

बफेलो शहरातील बफेलो फोर्ज कंपनीत त्यांना आठवड्याला दहा डॉलर पगारावर नोकरी मिळाली. ही कंपनी मोठे पंखे, भाते आणि इमारती गरम करण्याची यंत्रे तयार करीत असे. त्या काळी अशी यंत्रे बहुधा अंदाजाने बनत. किती नळ्या लावल्या म्हणजे किती हवा किती गरम होईल, याचा खात्रीचा तक्ता कोणाजवळ नव्हता. नवख्या कॅरियर यांनी वाफेच्या नळ्यांवरून हवा सोडून मोजमापे घेतली आणि तक्ते तयार केले. मालकांना त्याचे महत्त्व लगेच पटले आणि त्यांच्या हाती संशोधनाचे काम सोपविण्यात आले.

१९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्याची तक्रार त्यांच्याकडे आली. रंगीत चित्र छापताना एकच कागद प्रत्येक रंगासाठी यंत्रातून पुन्हा पुन्हा जातो. उन्हाळ्यात हवेत दमटपणा वाढला की कागद ओल शोषून फुगे, कोरड्या दिवशी आक्रसे, आणि एका रंगावर दुसरा रंग बरोबर बसत नसे. ढीगच्या ढीग कागद वाया जाई. छापखान्याची मागणी गारव्याची नव्हती. बारा महिने हवेतील ओलावा एकसारखा राहावा, एवढेच त्यांना हवे होते. कॅरियर यांनी थंड पाणी खेळविलेल्या नळ्यांवरून हवा नेली आणि ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता राखण्याची योजना आखली. आधुनिक वातानुकूलनाचा आरंभ या कामापासून धरतात. म्हणजे ज्या यंत्राला आपण गारव्याचे यंत्र समजतो, ते मुळात ओलावा आवरण्यासाठी जन्माला आले.

ओलाव्याला एवढे महत्त्व का, हे आपल्या घरच्या माठावरून कळेल. नागपूर किंवा मालेगावच्या कोरड्या उन्हाळ्यात माठातले पाणी गार होते, कारण माठातून झिरपलेले पाणी भराभर उडून जाते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. तोच माठ मुंबईत किंवा रत्नागिरीत पावसाळ्याच्या तोंडावर ठेवला, तर पाणी तितके गार होत नाही. तेथील हवा आधीच वाफेने भरलेली असते. तिच्यात आणखी वाफ मावत नाही. माणसाच्या अंगावरच्या घामाचेही तसेच आहे. घाम उडाला नाही तर पारा फार वर चढलेला नसूनही जीव घाबरा होतो. तापमान आणि ओलावा ही हवेची दोन अंगे आहेत. एक साधून दुसरे सोडले तर माणसाला सुख मिळत नाही.

पण हवेतील ओलावा नेमका हवा तेवढाच ठेवायचा कसा? याचे उत्तर कॅरियर यांना १९०२ च्या अखेरीस पिट्सबर्ग येथे रेल्वेच्या फलाटावर मिळाले. गाडीची वाट पाहत ते येरझारा घालीत होते आणि सभोवती दाट धुके पडले होते. इतरांना धुके म्हणजे अडचण. त्यांना त्यात एक विचार दिसला. धुक्यातील हवा वाफेने पूर्ण भरलेली असते. पण हवा थंड असल्याने त्या वाफेचे एकूण प्रमाण थोडेच असते, कारण थंड हवेत वाफ कमी मावते. ३० अंश सेल्सियस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. तीच हवा १० अंशांपर्यंत थंड केली तर जेमतेम साडेनऊ ग्रॅम मावते आणि उरलेली पाणी होऊन गळते. बर्फाच्या पाण्याचा पेला ठेवला की बाहेरून थेंब जमतात ते याच कारणाने. तेव्हा हवेतून ठरावीक थंड पाण्याचा बारीक फवारा सोडावा, म्हणजे कृत्रिम धुके तयार होईल. पाण्याचे तापमान आपल्या हाती असले की हवेतील वाफ किती उरणार हेही आपल्या हाती राहील. नंतर ती हवा थोडी उबदार केली की झाली हवी तेवढी कोरडी.

हवा कोरडी करण्यासाठी तिच्यावर पाणी मारायचे, ही कल्पना ऐकणाऱ्याला वेडेपणाची वाटे. पण हिशेब पक्का होता. या फवाऱ्याच्या यंत्राचे एकस्व त्यांना २ जानेवारी १९०६ रोजी मिळाले. सूतगिरण्यांना त्याचा मोठा उपयोग झाला, कारण हवा कोरडी पडली की सूत तुटते. ही गोष्ट भिवंडी-मालेगावच्या विणकरांना निराळी सांगायला नको.

आपल्या अनुभवाचे रूपांतर त्यांनी शास्त्रात केले. डिसेंबर १९११ मध्ये अमेरिकेतील यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्यांनी एक निबंध वाचला. त्यात हवेचे तापमान, वाफ, दवबिंदू आणि उष्णता यांचे परस्परसंबंध सूत्रांनी व आलेखाने मांडले होते. साधा तापमापक आणि ओले फडके गुंडाळलेला तापमापक, एवढ्या दोन आकड्यांवरून हवेची बाकी सर्व स्थिती काढता येऊ लागली. त्या आलेखाचे सुधारलेले रूप आजही आपल्याकडील तंत्रनिकेतनांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकविले जाते. त्या वेळी त्यांचे वय पस्तीस वर्षांचे होते.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. बफेलो फोर्जने खर्च आवरता घेऊन या अभियांत्रिकी कामातून अंग काढून घेण्याचे ठरविले. कॅरियर आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी आपली शिल्लक गोळा करून ३२,६०० डॉलरच्या भांडवलावर १९१५ साली स्वतःची कंपनी काढली. पुढील काही वर्षे गिऱ्हाईक म्हणजे कारखाने. सामान्य माणसाच्या सुखासाठी हवा थंड करावी, याला कोणी पैसे देईल असे फारसे कोणाला वाटत नव्हते.

ती पाळी आणली चित्रपटगृहांनी. उन्हाळ्यात अमेरिकेतील नाट्यगृहे ओस पडत, कित्येक बंदच ठेवीत. कारण उघड आहे. शांत बसलेला एक माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे जुन्या शंभराच्या एका दिव्याइतकी. दोन हजार प्रेक्षक बसले म्हणजे दोन हजार दिवे पेटल्यासारखेच झाले. शिवाय प्रत्येकाच्या श्वासातून व अंगातून तासाला चाळीस-पन्नास ग्रॅम पाणी वाफ होऊन हवेत जाते. तीन तासांच्या खेळात दोन हजार माणसे मिळून अडीचशे ते तीनशे लिटर पाणी हवेत सोडतात! रिकाम्या सभागृहात गार वाटणारी हवा गर्दी होताच का गुदमरते, याचे उत्तर या आकड्यांत आहे. मोठ्या इमारतीचा अभियंता आधी भिंती मोजत नाही. तो माणसे मोजतो.

कॅरियर यांच्या आधीही काही नाट्यगृहांनी हवा थंड करण्याचा प्रयत्न केला होता. परंतु ते थंड हवा जमिनीतून, खुर्च्यांखालच्या झरोक्यांतून वर सोडीत. थंड हवा जड असते. ती खालीच साचून राही. प्रेक्षकांचे पाय गारठत आणि वर बाल्कनीत बसलेले घामाघूम होत. पायांना वर्तमानपत्रे गुंडाळून लोक खेळ पाहत. चूक यंत्राची नव्हती, हवेची वाट चुकीची होती. कॅरियर यांच्या मंडळींनी, विशेषतः त्यांचे सहकारी लोगन लुईस यांनी, ही वाट उलटी केली. थंड हवा छतातून सावकाश पसरून खाली यावी, वाटेत बाकीच्या हवेत मिसळून सौम्य व्हावी आणि खुर्च्यांखालच्या झरोक्यांतून परत ओढली जावी, अशी ती रचना होती. तिच्यात आणखी एक शहाणपण होते. परत आलेली सगळीच हवा थंड न करता काही भाग थंड करून कोरडा करायचा आणि उरलेला तसाच त्यात मिसळायचा. त्यामुळे हवा कोरडीही होई, बोचरी थंडही होत नसे, आणि खर्चही वाचे.

दुसरी अडचण शीतयंत्राची. तेव्हाची यंत्रे अजस्र असत आणि त्यांत अमोनिया वापरीत. गर्दीच्या इमारतीत तो वायू गळला तर जिवावर बेतण्याची भीती. कॅरियर यांनी वेगाने फिरणाऱ्या चक्राने वायू दाबणारे, लहान आकाराचे नवे यंत्र तयार केले आणि अमोनियाऐवजी त्या मानाने कमी धोक्याचे द्रव्य वापरले. १९२२ साली ते लोकांसमोर आले. १९२४ साली डेट्रॉइटच्या हडसन या मोठ्या दुकानाने अशी तीन यंत्रे घेतली, कारण त्यांच्या तळघरातील स्वस्त विक्रीच्या गर्दीत गिऱ्हाइके उकाड्याने चक्कर येऊन पडत.

खरी कसोटी लागली न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात, १९२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस. दिवस उकाड्याचा. गार हवेची जाहिरात झाल्यामुळे दारापुढे रांगा लागल्या होत्या. पॅरामाउंट चित्रसंस्थेचे प्रमुख ॲडॉल्फ झुकोर स्वतः बाल्कनीत येऊन बसले होते. यश आले तर देशभरची चित्रपटगृहे दार उघडणार, अपयश आले तर पुन्हा कोणी उभे करणार नाही, असा तो प्रसंग होता. नेमका त्याच दिवशी यंत्र सुरू होण्यास उशीर झाला. दारे उघडली आणि प्रेक्षक हातपंख्यांसह आत शिरले. रिकामे घर आधी गार करून ठेवणे सोपे. भरलेले घर गार करण्यास वेळ लागतो, आणि हे कॅरियर यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हते. दोन हजारांच्या आसपास लोक पंखे हलवीत होते आणि ते मागे उभे राहून पाहत होते. हळूहळू एक पंखा थांबला, मग दहा थांबले, मग ओळीच्या ओळी थांबल्या. शेवटी पंखे मांडीवर पडले आणि लोक चित्रपटात रंगले. कॅरियर व त्यांचे सहकारी बाहेर येऊन झुकोर यांच्या मताची वाट पाहू लागले. लोकांना हे आवडणार, असा त्यांनी निर्वाळा दिला. त्यानंतरच्या पाच वर्षांत शेकडो चित्रपटगृहे वातानुकूलित झाली.

पुढे १९२८ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे आणि १९२९ साली सिनेटचे सभागृह त्यांच्या कंपनीने वातानुकूलित केले. १९२८ सालीच टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे मायलम इमारत उभी राहिली. पहिली वातानुकूलित गगनचुंबी कचेरी म्हणून ती ओळखली जाते. पण लगेच जागतिक मंदी आली, कामे थांबली आणि कंपनी अडचणीत सापडली. इतर कंपन्यांशी एकत्रीकरण करून, खर्च कमी करून तिने तग धरला. त्या काळातही कॅरियर यांचे संशोधन चालूच राहिले. उंच इमारतींत जाड जाड हवानळांनी जागा अडू नये म्हणून बारीक नळांतून वेगाने हवा नेण्याची पद्धत त्यांनी १९३९ पर्यंत सिद्ध केली. ७ ऑक्टोबर १९५० रोजी, चौऱ्याहत्तरावे वर्ष पुरे होण्याआधी, त्यांचे निधन झाले.

या विद्येचा विस्तार पुढे किती झाला, हे हजला किंवा उमऱ्याला जाऊन आलेल्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. मदिना शरीफ येथील मस्जिद-ए-नबवीत खांबांच्या तळाशी असलेल्या जाळ्यांतून गार हवा येते. त्यासाठी लागणारे पाणी सुमारे सात किलोमीटर अंतरावरील केंद्रात थंड करून भुयारी नळांनी आणले जाते. यंत्रांची घरघर नमाजींच्या कानी पडत नाही ती यामुळे. चित्रपटगृहात हवा वरून सोडणे योग्य ठरले. येथे माणसे जमिनीवर बसतात आणि छत उंच आहे, म्हणून सौम्य गार हवा खालूनच दिली. नियम एकच : माणसे कोठे आहेत ते पाहावे, आणि हवेची वाट त्याप्रमाणे आखावी.

आज या विद्येपुढे नवे प्रश्न आहेत. कॅरियर यांच्यानंतर जी शीतद्रव्ये सर्रास वापरात आली, त्यांपैकी काहींनी आकाशातील ओझोनच्या थराला इजा होते असे आढळले, आणि १९८७ च्या माँट्रियल करारान्वये ती हटविण्यास सुरुवात झाली. यंत्रांना लागणारी वीज कशी कमी करावी, हा प्रश्न तर रोजचा आहे. २०२० च्या करोना साथीने बंद सभागृहात ताजी हवा पुरेशी घेण्याचे महत्त्व नव्याने शिकविले. खोली गार आहे म्हणजे तेथील हवा शुद्ध आहे असे नव्हे. या प्रश्नांची उत्तरे काढणारे अभियंते कोठून यावेत? ते आपल्या वर्गातूनही येऊ शकतात.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळजण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाऊन हे काम शिकतील. ते मानाचे काम आहे, त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र वायू भरणे आणि नळी जोडणे एवढ्यावर थांबू नका. हवा किती, ओलावा किती, माणसे किती, हा हिशेब शिका. हात चालविणाऱ्याला मजुरी मिळते. हातासोबत हिशेब जाणणाऱ्याच्या शब्दाला किंमत येते. आणि पालकांना एवढीच विनंती, की मुलाला किंवा मुलीला गणित अडले तर रागावू नका, शाळाही सोडवू नका. एका शेतकरी आईने सफरचंदे कापून मुलाला अपूर्णांक शिकविले आणि त्यातून साऱ्या जगाला उपयोगी पडणारा अभियंता घडला. आपल्या घरात सफरचंद नसेल, भाकरी तर आहे. तिचे चार तुकडे करायला कितीसा वेळ लागतो?